साडेसतरा वेढे

माझ्या मोटरीवर १७.५ असा आकडा छापलेला होता. शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या मोटरीवरही १७.५च. दोन्ही गाड्या एकास दहा मापाच्या, बॅटऱ्या दोन सेलच्या, टायर नियमाने ठरवून दिलेले, वजन काट्यावर तोललेलं. तरीही वळणातून बाहेर पडून दोन्ही गाड्या सरळ पट्ट्यावर आल्या की त्याची पुढे सरकायची. पट्टा संपेपर्यंत तीन गाड्यांचं अंतर पडायचं. माझा ट्रिगर शेवटपर्यंत दाबलेला असायचा; त्याहून जास्त करण्यासारखं माझ्या हातात काही उरायचं नाही.

सलग पाच मंगळवार असंच झालं. त्या पाच मंगळवारांत मला काय काय कळलं नाही आणि पुढे ते कसं उलगडत गेलं, हे नव्याने या छंदात येणाऱ्याला उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

मी राहते इंग्लंडच्या मिडलंड्स भागात. गेल्या सप्टेंबरात लेकीच्या मैत्रिणीने तिला रेडिओ कंट्रोल गाड्यांच्या क्लबात नेलं, आणि तिसऱ्या आठवड्यात एक वापरलेली गाडी विकत घेऊन मीही उतरले. दर मंगळवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये सभासद करड्या गालिच्याच्या गुंडाळ्या उलगडतात, सांधे टेपने चिकटवतात आणि कडेने प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून वळणं आखतात. आधी सराव, मग पाच-पाच मिनिटांच्या शर्यती. प्रत्येक गाडीत छोटा ट्रान्सपॉन्डर असतो. गाडी रेषेवरून गेली की संगणक फेरी मोजतो. आपली शर्यत संपली की पुढच्या शर्यतीत वळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, हा नियम सगळ्यांना सारखा. निवृत्त फिटर आणि बारा वर्षांच्या मुली एकाच मंचावर खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. हे जग मला पहिल्याच संध्याकाळी मनापासून आवडलं.

कळत मात्र फार थोडं होतं. नोंदणीच्या टेबलावर मला विचारलं, "कुठला वर्ग? १७.५ स्टॉक, ब्लिंकी?" गाडीसोबत आलेल्या खोक्यावर १७.५ लिहिलेलं होतं, म्हणून मी हो म्हटलं. उरलेल्या दोन शब्दांचा अर्थ विचारायचा धीर झाला नाही.

१७.५ म्हणजे तांब्याच्या तारेचे साडेसतरा वेढे, हे त्याच रात्री समजलं. वेढा हा शब्द मला नवा नव्हता. तासगावात आमच्या अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. द्राक्षबागांच्या पाण्याच्या दिवसांत जळालेल्या मोटरी रांगेने यायच्या. सुट्टीत मी अण्णांच्या शेजारी बसून वेढे मोजायची, खाचेत घालायचा लेदराईड कागद कापून द्यायची. ओल्या वार्निशचा वास आजही कुठे आला तर मला ते दुकान आठवतं.

या छोट्या मोटरीतही तेच तांबं आणि तीच लोखंडी स्टॅम्पिंग. मोटरीचं माप ५४० म्हणून ओळखलं जातं. जपानच्या माबुची कंपनीच्या मोटरीवरून ते रूढ झालं. व्यास साधारण ३६ मिलिमीटर, मुठीत मावेल एवढी. बाहेरच्या कवचाला चिकटून तीन कॉईलचा स्टेटर बसतो आणि मधोमध फिरतो तो चुंबकाचा रोटर. चुंबक कुठल्या स्थितीत आहे हे सेन्सर स्पीड कंट्रोलरला सांगत राहतात आणि कंट्रोलर त्याप्रमाणे एकेका कॉईलला करंट देतो. तार स्टेटरच्या एका तोंडाने आत शिरते आणि शेवटी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. शेवटचा वेढा अर्ध्यावरच संपतो, म्हणून ते 'साडे'. वेढे जितके कमी, तितकी मोटर वेगवान. त्यामुळे २१.५ संथ, मग १७.५, त्यावर १३.५, आणि सर्वांत वर मॉडिफाइड, जिथे वेढ्यांचं बंधनच नाही. आकडा मोठा तर मोटर हळू, हे डोक्यात बसायला मला दोन आठवडे लागले.

वर्ग वेढ्यांवरून का पाडले, हे मला शेजारच्या टेबलावरच्या सत्तरीतल्या गृहस्थांनी सांगितलं. त्यांनी एक पत्र्याचा डबा उघडून जुनी मोटर माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यात कार्बनचे ब्रश होते. ते कम्युटेटरवर घासून करंट आत पोचवायचे आणि घासता घासता झिजायचे. त्या काळात स्टॉक, म्हणजे वेढे ठरवून दिलेल्या वर्गाची मोटर २७ वेढ्यांची असे. दर काही शर्यतींनंतर कम्युटेटर काळा पडायचा, मग तो छोट्या लेथवर कातून गुळगुळीत करायचा आणि नवे ब्रश घालायचे. ब्रश चांगले बसावेत म्हणून काही जण नवी मोटर चक्क पाण्यात बुडवून चालवायचे. ज्याच्याकडे लेथ आणि हातात कसब, त्याची मोटर पुढे. "ब्रशलेस आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, हे सगळं संपलं," ते म्हणाले. "खोक्यातून काढा, बसवा, पळवा. नवा आणि जुना सारखेच."

मग माझी गाडी मागे का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आधी केव्ही बघा."

त्या रविवारी मी अण्णांना फोन केला. दुकान आता माझा धाकटा भाऊ बघतो, पण मोटरीबद्दल विचारायचं तर अजून अण्णांनाच.

"अण्णा, माझी मोटर बावीसशे केव्हीची आहे म्हणे."

"बावीसशे?" अण्णा थांबले. "अगं पोरी, मोठ्या टॉवरच्या लाईनला चारशे केव्ही असतात."

त्यांच्या हिशेबात केव्ही म्हणजे किलोव्होल्ट. इथे त्याचा अर्थ निराळा आहे: एका व्होल्टला मोटर बिनलोड मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचे ७.४ व्होल्ट धरले, तर २,२०० गुणिले ७.४ म्हणजे मिनिटाला १६,२८० फेरे. मोटर फिरू लागली की ती स्वतःच उलटा दाब तयार करते. वेढे जास्त असले तर तो दाब लवकर चढतो आणि वेग तिथेच अडतो. हे समजावून सांगितल्यावर अण्णांनी लगेच विचारलं, "हे बिनलोड. लोडवर किती?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"आणि तारेचा गेज काय? वेढे सारखेच असतील, पण एकाने जाड तार कोंबून खाच भरली आणि दुसऱ्याने बारीक वापरली, तर दोघांची ताकद सारखी कशी होईल? स्टॅम्पिंग कसली? चुंबक कुठलं? वेढ्यावरून मोटरीची ओळख पटते. दम कळायला मीटर लावावा लागतो, बघ."

अण्णा हे सांगत होते त्यामागे त्यांची चाळीस वर्षं होती. आमच्याकडे मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल एचपीवर यायचं. त्यामुळे प्लेटवर पाच एचपी आणि आत साडेसातचा माल, अशा मोटरी दुकानात कितीदा तरी यायच्या. अण्णा प्लेट वाचायचे आणि मग टोंग टेस्टर लावून करंट बघायचे. एका डीपीवर अशा चार-पाच मोटरी चढल्या की व्होल्टेज पडायचं. मग ज्याने खरी पाचची लावली त्याचीसुद्धा जळायची. तो माणूस खांद्यावर मोटर घेऊन दुकानात यायचा आणि म्हणायचा, "माझं काय चुकलं, अण्णा?" लहानपणी मला या प्रश्नाचं उत्तर कधी कळलं नाही. त्याचं खरोखर काही चुकलेलं नसायचं.

पुढच्या मंगळवारी मी नियमांची वही मागून वाचली. अमेरिकेतली रोअर काय किंवा ब्रिटनमधली बीआरसीए काय, या संस्था मान्य मोटरींच्या याद्या काढतात. अण्णांनी फोनवर विचारलेला एकेक प्रश्न मला या नियमांत सापडत गेला. तार किती जाडीची, किती पदरी, स्टेटरची लांबी किती, कॉईलचा रोध किती खाली चालेल, रोटरचा व्यास किती. जाड तार म्हणजे रोध कमी, रोध कमी म्हणजे लोड आल्यावरही मोटर दबत नाही. म्हणून तारेवर बंधन. वेढ्यांचा आकडा हे फक्त वर्गाचं नाव आहे आणि बरोबरी ही त्याखालच्या बारीक अक्षरांत राखावी लागते, हे मला तिथे पहिल्यांदा नीट दिसलं.

तरी एक गोष्ट मोकळीच राहते: टायमिंग. त्या गृहस्थांनी माझी मोटर मोजणीच्या यंत्राला जोडली. मागच्या झाकणाचे स्क्रू सैल केले आणि झाकण एका खुणेने फिरवलं. झाकणात सेन्सरची पट्टी बसवलेली असते. ती सरकली की कंट्रोलरला चुंबकाची खबर जरा आधी मिळते आणि करंटही जरा आधी पोचतो. यंत्राचा आवाज बारीक आणि चढा झाला. केव्हीचा आकडा वर गेला, पण त्याच्या शेजारी करंटही अडीच अँपिअरवरून चारच्या पुढे चढला. "वेग मिळतो," ते म्हणाले, "त्याची किंमत उष्णतेत द्यावी लागते, आणि खालचा जोरही कमी होतो." स्टॉक वर्गात हे झाकण फिरवायला परवानगी आहे. कुठली खूण आणि कुठलं गिअर यांचा मेळ बसवणं हे ज्याचं त्याचं कसब.

'ब्लिंकी' या शब्दाचा अर्थ त्याच वेळी कळला. २००९-१०च्या सुमारास स्पीड कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय आली की वेग वाढत जाईल तसं टायमिंग आपोआप पुढे सरकावं. झाकण न फिरवता, गाडी धावत असतानाच. त्याला बूस्ट म्हणतात. १७.५ची मोटर त्यामुळे कितीतरी वरच्या वर्गासारखी पळू लागली. वेढे तेच, छापलेला आकडा तोच, पण नव्याने येणाऱ्याला तो आकडा काही सांगेनासा झाला. मग नियम झाला की स्टॉक वर्गात कंट्रोलरचं टायमिंग शून्यावर हवं, आणि ते तसं आहे हे दाखवायला कंट्रोलरवरचा छोटा दिवा लुकलुकत राहिला पाहिजे. लुकलुकणारा दिवा, म्हणून ब्लिंकी.

हा नियम मला फार मोलाचा वाटतो. तो पाळला जातो आहे की नाही हे बघायला यंत्र लागत नाही आणि कुणाच्या शब्दावर विसंबावंही लागत नाही. गाड्या सुरुवातीच्या रेषेवर लागल्या की माझी बारा वर्षांची लेकसुद्धा वाकून बघते आणि सांगते, "आई, सगळ्यांचे दिवे लुकलुकतायत."

आता माझ्या मोटरीची गोष्ट. सहाव्या मंगळवारी तो शेजारचा मुलगा स्वतःहून म्हणाला, "आपण दोघांच्या मोटरी मोजून बघू." एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. दोन्ही झाकणं एकाच खुणेवर आणली. माझ्या मोटरीचा केव्ही त्याच्यापेक्षा जास्त निघाला. मी चक्रावून गेले. आकड्याप्रमाणे माझी मोटर वेगवान, आणि पट्ट्यावर पुढे जाणार तो!

हॉलच्या बाहेर थंडीत उभं राहून मी अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे दीड वाजले होते. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोटर नवी घेतलीस की जुनी?"

"जुनी. गाडीसोबत आलेली."

"मग चुंबक मेलं असेल. तापून तापून चुंबक मरतं. दुबळ्या चुंबकाची मोटर बिनलोड जास्तच पळते, कारण तिला मागं ओढणारं कुणी नसतं. लोड आला की बसते. त्याचं चुंबक काढून तुझ्यात घाल, मग बघ."

त्या मुलाने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. त्याने आपला रोटर काढला. हाताच्या अंगठ्याएवढा, निओडायमियमचा, साडेबारा मिलिमीटर व्यासाचा. काढताना चुंबक स्टेटरला असं घट्ट ओढत होतं की त्याला दोन्ही हात लावावे लागले. माझा रोटर मात्र सहज निघून आला. तेव्हाच आम्हा दोघांना उत्तर कळलं होतं, तरी मोजलं. त्याचा रोटर माझ्या स्टेटरमध्ये घातल्यावर केव्ही आणि करंट दोन्ही त्याच्या आकड्यांना जाऊन मिळाले. तार ठीक होती, लोखंड ठीक होतं. आधीच्या कुणा मालकाने झाकण शेवटच्या खुणेपर्यंत फिरवून आणि गिअर चढं ठेवून ते चुंबक भाजून काढलेलं होतं. मोटर नियमात बसत होती. आकडा खरा होता. तरी ती मोटर त्या वर्गाची राहिलेली नव्हती.

मी नवा रोटर घेतला. पुढच्या मंगळवारी सरळ पट्ट्यावर आमच्या गाड्या जोडीने धावल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी शर्यत तो जिंकला. पाच मिनिटांत एक पूर्ण फेरी पुढे राहून. पण आता तो कुठे पुढे जातो हे मला दिसत होतं. दुसऱ्या डाव्या वळणावर तो ट्रिगर आधी सोडायचा आणि बाहेर पडताना आधी दाबायचा. मी उशिरा सोडत होते. उशिरा सोडायची ही सवय मला का लागली होती? पट्ट्यावर पडलेलं अंतर वळणात भरून काढायला मी पाच आठवडे गाडी वळणात आंधळेपणाने घुसवत होते. मोटरीचा दोष झाकायला हाताने चुकीचं वळण घेतलं होतं.

या सगळ्यातून मला पटलेली गोष्ट ही. नवशिक्याला बरोबरीची मोटर हवी असते ती आपली चूक नेमकी कुठे आहे हे ओळखता यावं म्हणून. जिंकणं हरणं पुढची गोष्ट. यंत्र सारखं असेल तर उरलेला फरक हाताचा, आणि हात सुधारता येतो. यंत्रात फरक असेल आणि तो कुणी मोजत नसेल, तर शिकणारा माणूस स्वतःला दोष देत राहतो, चुकीचं शिकतो आणि एक दिवस गाडी विकून टाकतो. मोटर खांद्यावर घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याचा प्रश्न मला आता कळतो.

क्लबाच्या हिवाळी बैठकीत मी हे उभं राहून सांगितलं. तिथे दुसरी बाजूही मांडली गेली. टायमिंग आणि गिअरचा मेळ बसवण्यातच या छंदाची गोडी आहे, असं काही जण म्हणाले, आणि ते मला मान्य आहे. त्या मेळासाठी त्यांनी वर्षं घातली आहेत. एकाने असंही कबूल केलं की तो एकाच मॉडेलच्या चार मोटरी घेतो, मोजतो, सर्वांत चांगली ठेवतो आणि उरलेल्या विकतो. ते नियमात बसतं. पण त्या उरलेल्या तीन मोटरी कुणाच्या गाडीत जातात? माझ्यासारख्या नव्यांच्याच. हे मी म्हटलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर चहाच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मी असा विचारच केला नव्हता."

शेवटी १७.५चा वर्ग आहे तसा राहिला आणि त्याखाली नवा वर्ग आला. २१.५ची मोटर, झाकण कंपनीतूनच पक्कं केलेलं, फिरवता न येणारं. गिअरचं प्रमाण सगळ्यांना एकच, ४.०. मोटरीवरच्या छोट्या चक्राचे दात ३८, मोठ्या चक्राचे ८०, गाडीच्या आतलं प्रमाण १.९. ऐंशी भागिले अडतीस, गुणिले एकोणीस दशांश, म्हणजे बरोबर चार. दात नखाने मोजता येतात आणि मुलं ते हौसेने मोजतात. शिवाय मोजणीचं यंत्र आता जिंकणाऱ्यांची मोटर तपासण्यापुरतं बाहेर निघत नाही. ते दर मंगळवारी टेबलावर मांडलेलं असतं. कुणीही यावं, मोटर जोडावी आणि आपला आकडा भिंतीवरच्या कागदावर इतरांच्या आकड्यांखाली लिहावा. त्या टेबलावर मी बसते.

गेल्या आठवड्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आजोबांना घेऊन आला. जुनी गाडी, जुनी मोटर. मी ती जोडली, केव्ही बघितला, करंट बघितला, मग झाकण उघडून रोटर बोटांनी ओढून बघितला. चुंबकाने घट्ट धरून ठेवलं. कागदावर त्याचा आकडा लिहिला, तो बाकीच्यांच्या मधोमध बसत होता.

"तुझी मोटर चांगली आहे," मी त्याला सांगितलं. "पट्ट्यावर कुणी पुढे गेलं, तर त्याच्या आधीचं वळण कसं घेतलं होतंस ते आठव."